मिठाचं पाणी

कॉलेजच्या ग्रंथालयातून योगेश्वरी साडेचारला घरी आली, चपला काढता काढता तिची नजर कूलरकडे गेली आणि एक चप्पल पायातच राहिली. कूलरसमोर ओल्या पोत्यावर पडलेली भुरी तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. कुत्रं घेतं तसा, जीभ जराशी बाहेर. मांजर असा श्वास घेत नसतं हे योगेश्वरीला कुणी शिकवलं नव्हतं, पण तीन वर्षं एका छपराखाली काढल्यावर काही गोष्टी न शिकवता समजतात. भुरी ही तोंड मिटून जगणारी मांजर होती. भूक लागली तरी ओरडायची नाही. रिकाम्या ताटलीजवळ जाऊन बसायची आणि नुसती बघायची, आणि शेवटी घरातल्या माणसालाच कसंतरी होऊन उठावं लागायचं. अशा बाणेदार जिवाचं तोंड उघडं पाहून योगेश्वरीला आपण नको ते पाहतो आहोत असं वाटलं, एखाद्या मोठ्या माणसाला पडताना पाहावं तसं. भुरीच्या शेजारी मामाजी उकिडवे बसले होते. मामाजी म्हणजे तिचे सासरे, दुर्गाप्रसाद बिसेन, वय त्र्याहत्तर, अंगात बंडी आणि गुडघ्यावर धोतर. त्यांच्या एका हातात लोटा होता आणि दुसऱ्या हातात औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर. तिनं पदर डोक्यावर ओढला तसे ते म्हणाले, "लू लागली हिले. सकारपासून पाजून राहिलो. उतरते, उतरते." आणि ड्रॉपरमधलं पाणी त्यांनी भुरीच्या गालफडात इतक्या अलगद सोडलं की एक थेंब बाहेर आला नाही.

लू, म्हणजे ऊन लागणं, हा मामाजींचा प्रांत होता, तिथे कुणी तोंड घालायचं नाही. तरुणपणी ते चिचगडच्या जंगलात तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवर मुंशी होते. मे महिन्यात पहाटेपासून पानं तोडून बाया-माणसं दुपारी पुडे घेऊन फडीवर यायची आणि त्यातलं एखादं तिथेच घेरी येऊन पडायचं. दवाखाना देवरीला, आणि देवरीची बस दिवसातून दोनदा. मामाजी मग पानांचा हिशेब सोडून लोटा घेऊन धावायचे. पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ, अंगावर ओलं पोतं, तळपायाला कांदा. त्या काळात त्यांनी अकरा माणसं वाचवली असं गावात सांगत, आणि मामाजी स्वतः सांगत तेव्हा नऊ सांगत, कारण दोघांबद्दल त्यांची खात्री नव्हती. हे 'नऊ' योगेश्वरीला लग्न होऊन आल्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, ऐकायला मिळालं होतं आणि तेव्हापासून या माणसाबद्दल तिच्या मनात एक आदर बसला होता तो बसलाच. पुढे सौंदडजवळच्या त्यांच्या गावात आणि आसपासच्या पाच-सात गावांत कुणाला ऊन लागलं की माणूस त्यांच्याकडेच यायचा. आता ते मुलाकडे गोंदियाला राहायला आले होते तरी मे लागला की त्यांचा मोठ्या आकड्यांचा मोबाइल वाजू लागायचा, आणि मामाजी मोठ्यानं, जणू तारेवरून नव्हे तर बांधावरून बोलत असल्यासारखे, सांगायचे, "मीठ-पानी देत राह्य. घाबरू नोको. देत राह्य." त्यामुळे बाहेर पंचेचाळीस डिग्री तापलेलं असताना भुरीला लू लागली असं त्यांनी म्हटल्यावर शंका घ्यायला जागाच नव्हती. तरी योगेश्वरी खाली वाकली आणि तिनं भुरीच्या कानाला हात लावला. कान गार होता. ऊन लागलेल्याचं अंग भाजतं, एवढं तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "मामाजी, आपण डॉक्टरकडे नेऊ जी." तिच्याकडे न पाहता त्यांनी लोटा खाली ठेवला, आणि कोपऱ्यातली कोंबड्या झाकायची डाल उचलून आणली.

ही तीच डाल होती जिच्यात घालून त्यांनी भुरीला तीन वर्षांपूर्वी सौंदडहून पॅसेंजरनं गोंदियाला आणलं होतं. मूळची भुरी सासूबाईंची, कुंताबाईंची. त्या गेल्यावर मामाजींनी धानाची शेती बटईनं, म्हणजे वाट्यानं, दिली आणि दोन धोतरं, एक पोतं तांदूळ आणि ही डाल घेऊन ते मुलाच्या दारात उभे राहिले. डालीत काय आहे असं ओमेश्वरनं विचारलं तर म्हणाले, "मांगं मांगं आली. मीनं नाई आनली." पन्नास किलोमीटर रेल्वेतून मांजर मागं मागं कसं येईल हे विचारायची छाती ना मुलाला झाली ना सुनेला. त्यानंतर तीन वर्षांत मामाजींनी कधी भुरीच्या पाठीवरून हात फिरवलेला योगेश्वरीनं पाहिला नाही. पण दुधाच्या पातेल्यातली साय नाहीशी होऊ लागली, आणि भुरी जाडजूड झाली, आणि दोन्ही गोष्टींबद्दल घरात कुणी काही बोललं नाही.

डॉक्टर हेमेंद्र टेंभरे तिशीतले होते, गाई-म्हशींत वाढलेले, पण शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकून बसलेले. त्यांनी भुरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि दुसऱ्याच क्षणी हसणं बंद केलं. आपल्या ओळखीच्या एक्स-रेवाल्याकडे तिला तसंच उचलून नेलं, परत आणलं, फिल्म खिडकीपाशी धरून तिचा फोटो काढला, नागपूरच्या आपल्या सरांना पाठवला, फोनवर दहा मिनिटं बोलले. मामाजी तोवर बाहेर व्हरांड्यात डाल धुवत होते. डॉक्टरांनी योगेश्वरीला आत बोलावलं. फिल्मवर जिथे काळं दिसायला हवं तिथे पांढरं धुकं होतं. "ये देखिए, भाभीजी," ते म्हणाले, "हिच्या हृदयाची भिंत जाड झाली आहे. रक्त पुढे नीट जात नाही, मागं तुंबतं, आणि पाणी फुप्फुसात उतरतं. आतल्या आत बुडते आहे ती. नागपूरला न्यायचं म्हटलं तर या उन्हात गाडीत जीव जाईल. इथेच ठेवू, ऑक्सिजन लावू, पाणी काढायचं इंजेक्शन देऊ. दोन दिवस काढले तर पुढं बोलता येईल." मग कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरी काय पाजलं? इतकं पाणी एका दिवसात कसं भरलं?" योगेश्वरीनं सांगितलं, मीठ-साखरेचं पाणी. डॉक्टरांचं पेन थांबलं. "अरे बाप रे," ते हळू म्हणाले. "मीठ तर पाण्याला धरून ठेवतं. या रोगात मीठ म्हणजे विष. किसने पिलाया?" आणि योगेश्वरी, जिला आजवर सासऱ्याशी सोडा, नवऱ्याशीही कधी खोटं बोलल्याचं आठवत नव्हतं, लगेच म्हणाली, "मी पाजलं."

आपण असं का म्हणालो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. एक्स-रेची ती फिल्म बघत असतानाच तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच काहीतरी उभं राहिलं होतं. तीन वर्षांपूर्वीचा मे, सौंदडजवळचं घर, ओसरीच्या भिंतीला पाठ टेकून बसलेल्या सासूबाई. कुंताबाई चार दिवस आडव्या झाल्या नव्हत्या. झोपलं की जीव घुसमटतो म्हणायच्या, बसल्या बसल्या डुलकी घ्यायच्या. पाय असे सुजले होते की चप्पल चढत नव्हती, आणि त्या त्यावरही हसायच्या, "माह्या पायाले माहेर सुटलं व, फुगून बसले." योगेश्वरी तेव्हा दोन दिवसांसाठी गेली होती. तिनं ती सूज पाहिली होती, बोटानं दाबल्यावर पडलेला खड्डा पाहिला होता, आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. आणि मामाजी लोटा घेऊन बायकोच्या समोर बसले होते. तासातासाला. मीठ-पाणी. ओलं पोतं. कुंताबाईंना ते नको असायचं, पण नवऱ्याचं मन राखायचं म्हणून त्या प्यायच्या, आणि लोटा परत देताना म्हणायच्या, "नऊ वाचवले तुमीनं, मी दहावी." पाचव्या दिवशी दुपारी दवाखान्यात नेताना वाटेतच त्या गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी नाडी पाहून 'हार्ट' एवढा एकच शब्द उच्चारला, आणि गावानं त्याचा अर्थ लावला की लू काळजापर्यंत चढली. मामाजींनीही तोच लावला. त्या एका अर्थावर हा माणूस तीन वर्षं उभा होता. जेवत होता, झोपत होता, फोनवर लोकांना धीर देत होता. तो अर्थ काढून घेतला तर याच्या पायाखाली काय उरेल, ते योगेश्वरीला दिसलं आणि ती घाबरली. मांजरीच्या जिवाची भीती होतीच, पण तिच्यावर ही दुसरी, मोठी भीती येऊन बसली. ती डॉक्टरांना म्हणाली, "एक विनंती आहे. मामाजींसमोर मिठाचं नाव काढू नका." डॉक्टरांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. पण माणूस समजदार, का म्हणून विचारलं नाही.

भुरीला ठेवलं ते तांदूळ भरायच्या मोठ्या पारदर्शक पेटीत. ही डॉक्टरांची स्वतःची करामत होती. पेटीला एका बाजूला भोक पाडून ऑक्सिजनची नळी आत सोडली होती, दुसऱ्या बाजूला बारीक भोकं, खाली जुनं लुगडं अंथरलेलं. गोंदियात तांदळाच्या गिरण्या इतक्या की पेटीचा हा उपयोग कुणाला तरी सुचायचाच, असं मामाजी म्हणाले, आणि त्यांनी पेटीला सगळीकडून चक्कर मारून पाहिली. पेटी भिंतीशी ठेवली होती आणि तिच्याकडे टोक करून एक बाक होतं. एकच. आणि इथे अडचण उभी राहिली. त्यांच्या घराण्यात सासऱ्यासमोर सून बरोबरीनं बसत नाही. खाटेवर नाही, खुर्चीवर नाही. बसायचं तर खाली जमिनीवर. ग्रंथालयात दिवसभर खुर्चीत बसणारी, प्राध्यापकांना पुस्तकं वेळेवर परत करा म्हणून दटावणारी योगेश्वरी घरी आली की तेरा वर्षं हा नियम पाळत आली होती. तिला त्याचा राग येऊन येऊन आता यायचा थांबला होता. दवाखान्याची जमीन नुकतीच फिनाइलनं पुसलेली, ओली. ती उभी राहिली. मामाजी बसलेले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं, पण मामाजींना तिनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतलेला ऐकू आला असावा. ते उठले, बाकाच्या पार टोकाला सरकले, तिच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे, म्हणजे पेटीकडे, तोंड करून बसले. "माहं तोंड तिकडे हाये," ते म्हणाले. "मी काई पाहून नाई राहिलो. बस, बाई." योगेश्वरी बसली. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. रीतही मोडली नाही आणि सुनेचे पायही सुटले, असा तोडगा एखाद्या पंचायतीला तीन बैठकांत सुचला नसता, तो या म्हाताऱ्यानं नुसतं वळून काढला होता.

पुढचे तीन दिवस ती दोघं अशीच बसली. तिनं रजा टाकली. ओमेश्वर रेल्वेत गार्ड, मालगाडी घेऊन तिकडे डोंगरगडच्या बाजूला, त्याचा फोन यायचा, "मांजरीसाठी रजा कशी मागू, साहेब हसंल," आणि मग आवाज उतरून, "बाबा जेवले का?" मुलगी सुट्टीत देवरीला मामाकडे गेली होती, तिला काही कळवायचं नाही असं ठरलं. तेरा वर्षांत सासरा-सून मिळून जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या तीन दिवसांत बोलले, कारण पाठीशी बोलणं सोपं असतं. मामाजी पेटीकडे बघत बोलायचे. चिचगडच्या जंगलातल्या अस्वलाबद्दल, कुंताबाईंनी एकदा बैलबाजारात दलालाला कसं गप्प केलं त्याबद्दल, भुरी पिल्लू असताना धानाच्या कोठीत पडली त्याबद्दल. योगेश्वरी ऐकायची आणि त्यांची पाठ न्याहाळायची. बंडीतून दिसणारी मानेची दोन हाडं, उन्हानं रापलेली, कानामागचे पांढरे केस. त्या पाठीवरून काही समजतं का हे ती शोधत राहायची. त्यांना संशय आला आहे का? एकदा ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "हिचेही पाय गार हायेत." 'हिचेही' हा शब्द योगेश्वरीच्या छातीत रुतला. ती म्हणाली, "ऑक्सिजनचा गारवा असेल जी." ते म्हणाले, "असंल."

आणि भुरी. तिच्याबद्दल काय सांगावं? पहिल्या दिवशी तिला दर चार तासांनी सुई टोचली गेली. सुकराम, दवाखान्यातला म्हातारा मदतनीस, सरकारी पशुदवाखान्यात तीस वर्षं पट्टीबंधक म्हणून काढलेला, चिचगडकडचा गोंड माणूस, तो पेटी उघडायचा, दोन बोटांनी तिच्या मानेची कातडी उचलायचा आणि सुई कधी गेली ते तिलाही कळायचं नाही. भुरीनं ना त्याला ओरखडलं ना ती फिस्कारली. श्वासाला श्वास पुरत नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे अंगाखालचं लुगडं ओलं झालेलं पाहून ती पेटीच्या कोरड्या कोपऱ्यात सरकली आणि बसल्या बसल्या पुढचा पंजा चाटू लागली. दोन चाटे मारून दमली, थांबली, परत एक चाटा. सुकराम कौतुकानं म्हणाला, "पाहा जी, मरता मरता आंघोळ करून राहिली. अशी मांजर वाचते." योगेश्वरीला वाटलं, एवढा ताठपणा आपल्याला कुठून आणता येईल? आपण साध्या तापात घर डोक्यावर घेतो. या जिवाला आपल्याला काय झालंय ते माहीत नाही, बरं होऊ की नाही माहीत नाही, ही माणसं सुया का टोचतात ते माहीत नाही, आणि तरी हा स्वच्छ राहायचं सोडत नाही. कुंताबाईही शेवटच्या दिवशी वेणी घालून मागत होत्या. त्या दोघींनी एका ओसरीवर आठ वर्षं काढली होती; कोण कुणाकडून शिकलं असेल, सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भुरीनं तोंड मिटलं. डॉक्टर धावत आले, ऐकलं, परत ऐकलं, आणि लहान पोरासारखे सुकरामला टाळी देऊन मोकळे झाले.

घरी सोडताना जे व्हायला नको ते झालं. डॉक्टर दुसऱ्या जनावरात अडकले होते, म्हणून सुकरामनं गोळ्यांची पुडी हातात ठेवत सगळं समजावून सांगितलं, आणि डॉक्टरांशी ठरलेलं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. "गोळीचा पाव तुकडा सकारी, पाव संध्याकारी. जिवंत हाय तवर. वरीस काढंल, दोन काढंल, सहा महिनेबी काढंल. आन मीठ बिलकुल नाई जी. सुकी मासोळी नाई, मिठाची पेज नाई." योगेश्वरीचा हात डालीच्या कडेवर घट्ट झाला. मामाजींची पाठ तिच्याकडे होती. "मीठ काऊन नाई?" त्यांनी विचारलं. सुकराम साधा माणूस, जे माहीत ते सांगणारा. "दिल कमजोर असलं म्हंजे मीठ पानी धरून ठेवते जी. छातीत भरते पानी. मांजराचं तसंच, माणसाचं तसंच. लेटता येत नाई, बसूनच राहाव लागते. पाय सुजतात माणसाचे." योगेश्वरीला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं.  मामाजींच्या मानेची ती दोन हाडं जागची हलली नाहीत. ते म्हणाले, "हं." आणि मग, अगदी रोजच्या आवाजात, "श्वास मोजाचा असंल ना? किती चालते?" सुकराम म्हणाला, झोपेत मिनिटाला तीसच्या आत बरं, चाळीसच्या वर गेला की इकडे आणा. मामाजींनी डालीवर वाकून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, तिथेच मोजायला सुरुवात केली. "लाभ," ते म्हणाले. "दोन. तीन. चार." खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, त्यांना दुसरं मोजणं येतच नव्हतं. अठ्ठावीस भरले. आवाज कुठे अडला नाही. योगेश्वरीनं स्वतःला समजावलं, नाही कळलं त्यांना.

घरी आल्यावर चार दिवस तिनं हीच समजूत उराशी धरून काढले. पण मन थाऱ्यावर नव्हतं. मामाजी जेवत होते, वेळेवर गोळी देत होते. गोळी देण्यात त्यांचा हात असा बसला की भुरी त्यांच्या चाहुलीला आपणच तोंड वर करायची. दिवसातून दहा वेळा 'लाभ, दोन, तीन' ऐकू यायचं. फक्त एक फरक होता. आता ते भुरीच्या पाठीवर उघड उघड हात ठेवून बसायचे, कुणी आलं तरी काढायचे नाहीत. योगेश्वरी स्वयंपाकघरातून ते बघायची. सांगावं का? आपण न सांगता ते कळलं असेल तर एकटेच सोसत असतील. आणि कळलं नसेल तर आपण सांगून काय मिळवणार? ओमेश्वर घरी आला तेव्हा त्यालाही तिनं सांगितलं नाही, त्याची आई होती ती. वरणात मीठ टाकताना तिचा हात थबकायचा. मिठाच्या बरणीला तिनं फडताळात मागं ढकललं, पुन्हा स्वतःचीच चीड येऊन पुढं आणलं.

पाचव्या दिवशी, रविवारी, दुपारचं जेवण होऊन ती ताटं उचलत होती तेव्हा मोबाइल वाजला. तिकडून बोलणारा केवलराम, मामाजींच्या गावचा, तरणा शेतकरी. मोबाइलचा आवाज एवढा मोठा की त्याचा शब्द न शब्द स्वयंपाकघरात येत होता. त्याच्या आईला लू लागली होती, सकाळपासून मीठ-पाणी चालू होतं, तरी उतरत नव्हतं. योगेश्वरी ताटं हातात घेऊन उभी राहिली. मामाजींनी विचारलं, "आंग तपलं का?" नाही, गार आहे. "लेटते का बसून हाये?" बसूनच आहे, कालपासून. "पाय पाह्य. सुजले का?" केवलराम पाहून आला आणि म्हणाला, हो, सुजले, पैंजण रुतून राहिले. मामाजी खाटेवरून उठून उभे राहिले.

"लोटा फेक," ते म्हणाले. "आयक केवलराम. मीठ-पानी बंद. एक घोट नाई. गाडी बोलाव न दवाखान्यात ने, बसवूनच ने, आडवी करू नोको. दिल हाये ते, लू नोहे."

"पर काका, तुमीनंच तं सांगतलं होतं, देत राह्य म्हणून..."

"मीनंच सांगतलं होतं. चुकलं माहं. तुह्या काकूले असंच झालं होतं. मीनं पाच दिवस मीठ-पानी पाजलं तिले, ह्या हातानं. ते लूनं नाई गेली. आता नोको बोलत बसू, गाडी पाह्य."

फोन बंद झाला. योगेश्वरी हातातली ताटं ओट्यावर ठेवून बाहेर आली. मामाजी तिच्याकडे वळले. तोंडासमोर तोंड. तेरा वर्षांत तिनं हा चेहरा असा समोरून, इतक्या जवळून पाहिला नव्हता. डोळे लाल होते, पण ते आजचे नव्हते. चार दिवसांचे होते. "डॉक्टरले तूनं सांगतलं, 'मी पाजलं' म्हणून," ते म्हणाले. "डाल धुताना तेवढंच आयकलं मीनं. तवा समजलो नोहतो, माही सून कायले खोटं बोलून राहिली. सुकरामनं सांगतलं तवा समजलो." त्यांनी मोबाइल खाटेवर ठेवला. "चांगली हायेस तू. पर माह्यासाठी आता खोटं बोलू नोको, बाई." तिला काहीतरी म्हणायचं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही नऊ वाचवले, सासूबाईंची सूज मीही पाहिली होती आणि गप्प बसले होते. यातलं शेवटचं तेवढं तिच्या तोंडून बाहेर पडलं. मामाजींनी ते ऐकून घेतलं, मान हलवली, "तं मंग दोघाईचं चुकलं," म्हणाले, आणि उशाशी ठेवलेली वही काढली.

वहीत नंबर होते. सौंदडकडची, चिचगडकडची, देवरीकडची गावं. ज्यांना ज्यांना त्यांनी कधी लूचा उपाय शिकवला होता ती माणसं. पन्नास-साठ तरी नावं, शिसपेन्सिलीनं लिहिलेली, पुसट. त्यांना ती नीट दिसत नव्हती. वही त्यांनी योगेश्वरीपुढे धरली आणि खाटेवर आपल्या शेजारी हात आपटला. ती बसली. खाटेवर, बरोबरीनं, दोघांपैकी कुणालाही त्यात काही वाटलं नाही, तेवढा वेळच नव्हता. पहिला नंबर चैतरामचा. तिनं आकडे वाचले, त्यांनी दाबले. "चैतराम, दुर्गाप्रसाद बोलून राहिलो. मीनं तुले मीठ-पानी शिकवलं होतं, आठवते? आंग तपलं असंल तंच द्याचं. पाय सुजले, लेटता येत नाई, तं द्याचं नाई. काऊन म्हंतेस? माही कुंता गेली त्यानं." तिकडचा माणूस काहीतरी म्हणाला, बहुतेक समजूत घालत होता. "ते राहू दे," मामाजी म्हणाले, "पाय पाहाचे म्हंतो ना, पहिले पाय पाहाचे. बोल, काय सांगतलं मीनं?" आणि त्याच्याकडून ते परत म्हणवून घेऊनच त्यांनी फोन ठेवला. दुसरा श्यामलाल. तिसरा छोटेलालच्या घरचा, त्याच्या बायकोनं उचलला. प्रत्येकाला पहिल्यापासून, काही न गाळता, आणि प्रत्येक वेळी कुंताचं नाव घेऊन. योगेश्वरीला वाटलं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोनला ते नाव टाळतील, नुसता उपाय सांगून मोकळे होतील. तेवढंही पुष्कळ होतं, कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी टाळलं नाही. सातव्या फोनला त्यांचा आवाज फुटला, नाव अर्ध्यावर राहिलं. त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला. मध्येच केवलरामचा फोन येऊन गेला, आई गाडीत बसली होती, गाडी निघाली होती. नऊ माणसं वाचवणाऱ्या माणसाबद्दल योगेश्वरीला आजवर जे वाटत आलं होतं ते या बसलेल्या, आवाज गेलेल्या माणसाबद्दल आत्ता जे वाटलं त्याच्यापुढे काहीच नव्हतं. तिनं पाण्याचा पेला पुढं केला. ते प्याले, मिशीवरून हात फिरवला, आणि बोट वहीवर ठेवून म्हणाले, "आठवा वाच."

तिनं वाचला.